लिअर राजाचा विदूषक

शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' या शोकांतिकेंतील विदूषकाला नांव नाहीं. राजा त्याला 'बाळ' म्हणून हांक मारतो, राजकन्या गॉनरिल त्याला लुच्चा ठरविते, आणि पात्रांच्या यादींत त्याच्या धंद्याचें नांव हेंच त्याचें नांव म्हणून छापलें जातें. पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशांत तो प्रथम रंगभूमीवर येतो आणि तिसऱ्या अंकाच्या सहाव्या प्रवेशानंतर पुन्हां दिसत नाहीं. मोजून सहा प्रवेश. एवढ्या थोड्या अवधींत त्यानें प्रेक्षकांच्या मनांत अशी कांहीं जागा करून ठेवली आहे, कीं राजा आणि त्याच्या तीन मुली यांच्या खालोखाल आठवण राहते ती त्याचीच. आजच्या भाषणांत मी त्याच्या शहाणपणाविषयीं आणि त्याच्या निष्ठेविषयीं बोलणार आहें. या दोन गोष्टी एकमेकींशीं सहज जुळणाऱ्या नाहींत. त्यांचें भांडण आहे, आणि त्या भांडणांतच या पात्राचें मर्म आहे, असें मला वाटतें.

आरंभींच शब्दाची एक अडचण सांगितली पाहिजे. इंग्रजींत मूर्ख आणि विदूषक या दोहोंना एकच शब्द आहे. राजाच्या पदरीं राहून त्याची करमणूक करणारा तो 'फूल', आणि ज्याला व्यवहार कळत नाहीं तोही 'फूल'. या एका शब्दाच्या दोन अर्थांवर हें सबंध पात्र उभें आहे. मूर्ख कोण, हा प्रश्न नाटकांत पुनःपुन्हां निघतो, आणि प्रत्येक वेळीं बोट आळीपाळीनें राजाकडे आणि विदूषकाकडे वळतें. मराठींत 'विदूषक' म्हटलें कीं यांतील अर्धा अर्थ गळतो, आणि शिवाय संस्कृत नाटकांतला मोदकप्रिय ब्राह्मण डोळ्यांपुढें उभा राहतो तो वेगळाच. विंदा करंदीकरांसारख्या कवीनें १९७४ सालीं या नाटकाचा मराठी अनुवाद दिला. पण अनुवादक कोणीही असो, ही एक गांठ पुरती सोडविणें कठीणच.

कथा बहुतेकांच्या परिचयाची आहे. म्हातारा लिअर आपलें राज्य तीन मुलींत वांटून टाकण्यास निघतो आणि जी आपल्यावरचें प्रेम सर्वांत अधिक बोलून दाखवील तिला सर्वांत मोठा वांटा, असा पण लावतो. थोरल्या दोघी, गॉनरिल आणि रीगन, तोंड भरून बोलतात. धाकटी कॉर्डेलिया, जी खरोखर प्रेम करते, ती सांगण्यासारखें आपल्यापाशीं कांहीं नाहीं म्हणते. राजा तिला हांकून देतो, तिची बाजू घेणाऱ्या केंट सरदाराला हद्दपार करतो, आणि स्वतःसाठीं शंभर स्वार ठेवून पाळीपाळीनें दोन्ही मुलींकडे राहावयास जातो.

या पहिल्या प्रवेशांत विदूषक नाहीं. दरबार भरलेला आहे, परराज्यांतले पाहुणे आहेत, आणि राजाला तोंडावर टोकण्याची ज्याला मुभा, तोच एक गैरहजर. तो असता तर? हा प्रश्न विचारावासा वाटतो खरा. पण नाटककारानें त्याला हेतुपुरस्सरच बाहेर ठेविलें असलें पाहिजे. ज्याचें शहाणपण वेळेवर पोंचतें असा सल्लागार त्याला नको होता. केंटनें वेळेवर सांगितलें, आणि त्याचें काय झालें तें आपण पाहिलेंच. विदूषकाचें शहाणपण हें वेळ निघून गेल्यानंतरचें शहाणपण आहे. सर्व कांहीं देऊन टाकलेल्या माणसाला, तूं सर्व कांहीं देऊन टाकलेंस, असें तो सांगतो. अशा सांगण्याचा उपयोग काय, हा आक्षेप मनांत ठेवूनच पुढें जाऊं.

तो रंगभूमीवर येण्यापूर्वीं राजाचा एक स्वार त्याच्याविषयीं एक वाक्य बोलून जातो. धाकटी राजकन्या फ्रान्सला गेल्यापासून विदूषक झुरणीला लागला आहे, असें तो सांगतो. आणि राजा, आपल्याही तें ध्यानांत आलें आहे, तो विषय पुरे, म्हणून त्याला थांबवितो. एवढेंच. परंतु या एका वाक्यानें पुढच्या सर्व थट्टेचा सूर आधींच लावून ठेविला आहे. पहिला विनोद कानीं पडण्यापूर्वीं आपल्याला कळतें कीं हा मनुष्य दुःखांत आहे. आणि राजानें जिचें नांव आपल्या मनांत दाबून टाकलें आहे तिच्यासाठींच तो दुःखांत आहे. पुढें तो कॉर्डेलियाचें नांव एकदांही घेत नाहीं. तिच्याविषयींचा त्याचा राग सारा कोड्यांतून आणि गाण्यांतून बाहेर पडतो.

आणि तीं कोडीं तरी कसलीं! मला एक अंडें दे, मी तुला दोन मुकुट देतों, असें तो राजाला म्हणतो. कसले मुकुट? अंडें मधोमध कापावें, आंतला बलक खाऊन टाकावा, कीं कवचाचे दोन मुकुट हातीं उरतात. ज्या दिवशीं तूं आपला मुकुट मधून चिरून दोन्ही अर्धुकें देऊन टाकलींस, त्या दिवशीं तूं चिखलांतून गाढव पाठीवर घेऊन चाललास. गोगलगाईला घर कां असतें? तर डोकें आंत घेण्यासाठीं. मुलींना देऊन टाकून शिंगें उघड्यावर ठेवण्यासाठीं नव्हे. हा सगळा विनोद खेडवळ आहे, स्वयंपाकघरांतला आणि शेतांतला आहे. दरबारी भाषेंत राजाला जें ऐकूं येत नाहीं तें या भाषेंत त्याला ऐकावें लागतें.

त्यांतला सर्वांत जिव्हारीं लागणारा टोला शून्याचा आहे. राजाला तो म्हणतो, तूं आतां मागें आंकडा नसलेलें शून्य आहेस. मी निदान विदूषक तरी आहें, तूं कांहींच नाहींस. आपल्या भाषेंत शून्याला 'पूज्य' म्हणण्याची चाल आहे, आणि वडील माणसालाही आपण पूज्यच म्हणतों. शेक्सपिअरला मराठी येत असती तर हा श्लेष त्यानें हातचा सोडला नसता. या शून्याची मेख अशी कीं, कॉर्डेलियानें 'कांहीं नाहीं' म्हटलें तेव्हां, कांहीं नाहीं यांतून कांहींच निघत नसतें, असें तिला याच राजानें दटावलें होतें. विदूषक तोच विषय काढून, या कांहीं नाहींचा तुला कांहीं उपयोग करतां येईल कां, असें विचारतो, आणि राजा नकळत आपलेंच जुनें उत्तर पुन्हां देतो. ऐकणाऱ्याच्या अंगावर कांटा येतो. राजाच्या मात्र अजून कांहीं लक्षांत आलेलें नसतें.

अशा बोलण्याची मुभा मिळणारा हा वर्ग त्या काळीं इंग्लंडांत खरोखरच होता. आठव्या हेन्रीपाशीं विल समर्स होता. पहिल्या जेम्सपाशीं आर्ची आर्मस्ट्राँग होता. आणि याच जेम्स राजासमोर, व्हाइटहॉलच्या वाड्यांत, २६ डिसेंबर १६०६ रोजीं हें नाटक झालें. ज्याच्या पदरीं विदूषक आहे असा राजा, राज्य वांटून फसलेल्या राजाला त्याचा विदूषक काय ऐकवितो तें पाहत बसला होता. त्या रात्रीं त्याला काय वाटलें असेल, ही कल्पना मोठी गमतीची आहे. मुभेला मर्यादा होत्या, हेंही विसरूं नये. लिअर आपल्या विदूषकाला चाबकाची आठवण करून देतोच. त्यावर तो म्हणतो, खरें बोललों तर तुझ्या मुली मला फटकावतात, खोटें बोललों तर तूं फटकावतोस, आणि गप्प बसलों तरी केव्हां केव्हां मार बसतोच. विनोद म्हणून हें वाक्य ठीक आहे. पण नोकरीचें वर्णन म्हणून तें अक्षरशः खरें आहे. शेक्सपिअरच्या मंडळींत १५९९ च्या सुमारास विल केंपच्या जागीं रॉबर्ट आर्मिन हा नट आला, आणि ही भूमिका बहुधा त्याच्यासाठींच लिहिली गेली. केंप हा उड्या मारून हंसविणारा. आर्मिन गाणारा, आणि विदूषकांच्या चरित्रांवर स्वतः पुस्तक लिहिणारा. नट बदलल्याबरोबर शेक्सपिअरच्या विदूषकांचा स्वभाव बदललेला दिसतो.

आतां तो आक्षेप. आधींच पोळलेल्या म्हाताऱ्याला घटकोघटकीं डिवचणें ही निष्ठा कीं क्रूरता? टॉलस्टॉयनें १९०६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत या नाटकावर कडाडून हल्ला केला, आणि या विदूषकाचे विनोद त्याला निरर्थक व कंटाळवाणे वाटले. त्याच्या आधीं सव्वादोनशें वर्षें नेहम टेट यानें आणखी सोपा उपाय केला होता. १६८१ सालीं त्यानें नाटक नव्यानें जुळवून विदूषकाला साफ काढून टाकलें, कॉर्डेलियाचें लग्न लावून दिलें, आणि लिअरला जिवंत ठेवलें. इंग्लिश रंगभूमीवर हेंच रूप दीडशें वर्षांहून अधिक काळ चाललें. एडमंड कीननें १८२३ सालीं शोकान्त शेवट परत आणला, पण विदूषकाला आणण्याचें धैर्य त्यालाही झालें नाहीं. तें मॅक्रेडीनें १८३८ सालीं केलें, आणि तेंही ही भूमिका प्रिसिला हॉर्टन या तरुण नटीला देऊन. इतकीं वर्षें लोकांना या पात्राची अडचण कां वाटावी? शोकाच्या जागीं हास्य शोभत नाहीं, हें पंडितांचें कारण झालें. मला वाटतें, गोड शेवटाच्या नाटकांत खरें बोलणाऱ्याला जागाच राहत नाहीं, हें त्याहून जवळचें कारण असावें.

आक्षेपाचें उत्तर पहिल्या अंकाच्या पांचव्या प्रवेशांत आहे. तो प्रवेश लहान आहे, आणि वाचतांना पुष्कळदां हातचा निसटतो. गॉनरिलनें अपमान करून राजाला बाहेर काढलें आहे. रीगनकडे निघण्यासाठीं घोडे तयार होईपर्यंत राजा आणि विदूषक दोघेच थांबले आहेत. विदूषक एकामागून एक कोडीं घालतो, तीं आतां अगदीं पोरकट आहेत. नाक तोंडाच्या मधोमध कां असतें? सात तारे सातच कां? राजा म्हणतो, ते आठ नाहींत म्हणून. आणि विदूषक त्याला शाबासकी देतो, तूं चांगला विदूषक झाला असतास म्हणून. मधेंच राजाच्या तोंडून, आपण तिच्यावर अन्याय केला, असे शब्द निघून जातात. ती कोण, हें तो सांगत नाहीं. सांगण्याची गरजही नाहीं. त्या क्षणीं विदूषक काय करतो? ज्या गोष्टीसाठीं तो आतांपर्यंत टोंचत होता ती कबुली समोर आल्याबरोबर तो ती उचलून धरीत नाहीं. शिंपला आपलें कवच कसा करतो, असें पुढचें कोडें घालतो. आजाऱ्याच्या उशाशीं बसलेला मनुष्य जसा कांहींबाही बोलत राहतो, बोलणें थांबलें तर आजाऱ्याचें लक्ष दुखण्याकडे जाईल म्हणून, तसा तो बोलत राहतो. थोड्याच वेळानें राजा, मला वेड लागूं देऊं नको, अशी देवाची करुणा भाकतो. आधींच्या प्रवेशांतला विदूषक राजाला जागा करूं पाहत होता. या प्रवेशांतला त्याला निजवूं पाहतो आहे.

दुसऱ्या अंकांत केंट, जो वेष पालटून पुन्हां राजाच्याच चाकरींत शिरला आहे, त्याला खोड्यांत अडकविलेला पाहून विदूषक त्याला जगाची रीत शिकवितो. मोठें चाक डोंगरावरून खालीं गडगडूं लागलें तर हात सोडावा, नाहीं तर मान मोडेल. वर चढत असलें तर त्याला धरून वर जावें. याहून पक्का व्यवहार कोणत्या चाणक्यानें सांगितला आहे? पण लगेच तो पुढें म्हणतो, कीं हा सल्ला मूर्खानें दिलेला आहे, तेव्हां तो लुच्च्यांनींच पाळावा. आणि गाण्यांत सांगतो कीं जो लाभासाठीं चाकरी करतो तो पाऊस येतांच गांठोडें बांधून निघून जाईल. मी मात्र राहीन, शहाण्यांना पळूं द्या.

सबंध पात्राची किल्ली मला येथें दिसते. चाक कोणत्या दिशेनें चाललें आहे हें त्याला नाटकांतील कोणाहीपेक्षां आधीं कळलें आहे. आणि तरीही त्यानें हात सोडलेला नाहीं. त्याचें शहाणपण त्याला जा म्हणतें आणि तो जात नाहीं. केंटचीही निष्ठा मोठी आहे, पण केंटला आपल्या निष्ठेचें कारण देतां येतें: राजाच्या मुद्रेवर त्याला अधिकार दिसतो, ज्याला धनी म्हणावें असें कांहीं दिसतें. विदूषकाला राजाच्या मुद्रेवर असें कांहीं दिसत नाहीं. मी कोण आहें हें मला कोणी सांगेल काय, असें राजा विचारतो तेव्हां, लिअरची सावली, असें उत्तर देणारा तोच आहे. सावली म्हणून ओळखूनही तो तिच्यामागून चालला आहे.

आपल्याकडे याच्या जवळ येणारा एकच विदूषक मला आठवतो, आणि तो म्हणजे शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील मैत्रेय. चारुदत्ताचें वैभव गेल्यावरही तो त्याला सोडीत नाहीं. पूर्वींच्या मेजवान्यांची आठवण काढून कुरकुरतो, पण सोडीत नाहीं. वधस्थानीं मित्राला सोडा आणि मला मारा, असें तो चांडाळांना म्हणतो. तथापि मैत्रेय भाबडा आहे. शकाराशीं झोंबतांना त्याच्याच काखेंतून दागिने खालीं पडतात आणि चारुदत्तावरचा आरोप पक्का होतो. त्याच्या प्रेमाला शहाणपणाची जोड नाहीं, म्हणून त्याचें प्रेम सुखी आहे. लिअरच्या विदूषकाच्या वांट्याला तें सुख नाहीं.

आतां वादळाकडे वळतों. वेळ थोडा आहे. दोघी मुलींनीं शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, आणि शेवटीं एकाची तरी गरज काय, असा हिशेब करून बापाला उघड्यावर टाकलें आहे. या साऱ्या कापाकापींत विदूषक हजर असतो आणि एक अक्षर बोलत नाहीं. तेंच तर त्याचें शून्याचें गणित प्रत्यक्षांत उतरत आहे. बोलावयाचें काय उरलें? जातां जातां राजा वळून बोलतो तेंही त्याच्याशींच: आपल्याला वेड लागणार, म्हणून.

माळावर राजा विजांना आव्हान देत उभा आहे, आणि विदूषक त्याला काय म्हणतो? आंत चल, मुलींचा आशीर्वाद माग. ही रात्र शहाण्याचीही कींव करीत नाहीं आणि मूर्खाचीही नाहीं. मुलींपुढें लवल्याबद्दल ज्यानें राजाला इतकें झोडपलें, तोच आतां त्याला त्यांच्यापुढें लवावयास सांगतो! येथें सत्य हरलें आणि प्रेम उरलें. म्हाताऱ्याचें डोकें उघडें आहे, पाऊस कोसळतो आहे, तेव्हां खोटें बोलून का होईना, एक छप्पर मिळवावें, एवढाच विचार त्याच्यापाशीं शिल्लक आहे. 'ट्वेल्फ्थ नाइट' या सुखान्त नाटकाच्या शेवटीं तेथला विदूषक वाऱ्यापावसाचें जें गाणें म्हणतो, त्याच पालुपदाचें एक कडवें हा येथें म्हणतो. तेथें तें गाणें ऐकून प्रेक्षक घरीं जातात. येथें जावयाला घर नाहीं.

आणि मग जें कोणत्याही कोड्यानें साधलें नव्हतें तें घडतें. राजा त्याच्याकडे पाहतो आणि विचारतो, बाळ, तुला थंडी वाजते आहे काय? मलाही वाजते आहे. सबंध नाटकांत आतांपर्यंत या राजानें दुसऱ्या कोणाला काय होत आहे याची चौकशी केलेली नाहीं. मुलींना त्यानें विचारलें तें, माझ्यावर किती प्रेम करतां, हें. थोड्या वेळानें झोंपडीच्या दाराशीं तो विदूषकाला म्हणतो, आधीं तूं आंत जा. राजा दारांत थांबतो आणि चाकर आधीं आंत जातो. त्याच जागीं उभा राहून लिअर, ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाहीं अशा उघड्यानागड्या जीवांविषयीं आपण कधीं फिकीर केली नाहीं, असें म्हणतो. राजाला शहाणें करण्यासाठीं विदूषकानें एवढे शब्द खर्च केले. शेवटीं राजा शहाणा झाला तो त्याच्या कुडकुडण्यानें.

त्याच झोंपडींत वेड्याचें सोंग घेतलेला एडगर दडलेला आहे, आणि तेथून विदूषकाचें स्थान जातें. राजाला आतां नवा सोबती मिळाला. अंगावर धड वस्त्र नसलेल्या त्या भिकाऱ्याला तो तत्त्ववेत्ता म्हणूं लागतो. राजाची बुद्धि शाबूत असेतोंवर तिला टोला मारतां येत होता. ती गेल्यावर विदूषकाच्या धंद्याला भांडवलच राहिलें नाहीं. तो मधून मधून एखादें वाक्य बोलतो. १६०८ च्या पहिल्या छापील प्रतींत, राजा वेडाच्या भरांत मुलींची चौकशी मांडतो आणि त्याला न्यायाधीश म्हणून बसवितो, असा भाग आहे. १६२३ च्या प्रतींत तो नाहीं. उलट भर दुपारीं झोंपावयास जाण्याविषयींचें त्याचें शेवटचें वाक्य १६२३ च्याच प्रतींत आहे. मग निजलेल्या राजाला उचलून नेतात, आणि विदूषक नाहींसा होतो. पुढें त्याचें काय झालें हें कोणी सांगत नाहीं. कोणी विचारीतही नाहीं.

याचीं कारणें पुष्कळांनीं दिलीं आहेत. कॉर्डेलिया आणि विदूषक हीं दोन्ही कामें एकच मुलगा करीत असे, म्हणून एकानें गेल्याशिवाय दुसऱ्याला येतां येत नव्हतें, असा एक तर्क आहे. पण विदूषकाचें काम आर्मिन करीत असेल तर तो टिकत नाहीं. कित्येक नट या शेवटच्या प्रवेशांत तो आजारी, मरणोन्मुख दाखवितात. कोझिंत्सेव या रशियन दिग्दर्शकानें १९७१ सालच्या आपल्या चित्रपटांत त्याला शेवटपर्यंत जिवंत ठेविलें: सगळें जळून गेलें आहे, राजाचें प्रेत नेत आहेत, आणि हा पोरगा वाटेवर बसून पांवा वाजवीत आहे. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्यें (१९७०) लिअरचें दुःख आपल्या घरांत आलें, पण विदूषक आला नाहीं; त्याचें काम कांहींसें पत्नी कावेरीकडे आणि कांहींसें रस्त्यावरच्या बूटपॉलिश करणाऱ्या पोराकडे वांटून गेलेलें दिसतें.

शेवटच्या प्रवेशांत कॉर्डेलियाचें प्रेत हातांत घेऊन बसलेला लिअर, माझ्या गरीब बिचाऱ्या 'फूल'ला फांशीं दिलें, असें म्हणतो. त्या काळच्या इंग्रजींत हा शब्द लाडका जीव या अर्थानेंही वापरीत, आणि येथें तो कॉर्डेलियालाच उद्देशून आहे याविषयीं मला शंका वाटत नाहीं. पण हाच शब्द कां? राजाच्या थकलेल्या डोक्यांत खरें बोलणारीं दोन माणसें या वेळीं एकमेकांत मिसळलीं असावींत. हें नाटक पुन्हां वाचण्याचा किंवा पाहण्याचा योग आला तर तिसऱ्या अंकाच्या सहाव्या प्रवेशाच्या शेवटाकडे लक्ष ठेवा. राजा निजला आहे, घाईनें निघावयाचें आहे, आणि जुन्या प्रतींत केंट विदूषकाला म्हणतो, कीं धन्याला उचलावयाला हात लाव, तुला मागें राहतां येणार नाहीं. तो मुकाट्यानें हात लावतो.